कोंबड्या नव्हे, खुराडी वाढवा

सिंधुदुर्गात गावठी अंड्यांच्या धंद्याविषयी बोलणे निघाले की दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले: गावठी कोंबडीला खर्च तो काय, ती परड्यात चरून पोट भरते. दुसरे: दहा कोंबड्यांवर घरखर्चाला चार पैसे सुटतात, तर शंभर ठेवल्या की चाळीस सुटतील. पहिल्या वाक्यात अर्धे सत्य आहे. दुसरे वाक्य त्या अर्ध्या सत्यावर उभे केलेले चुकीचे गणित आहे. या गणिताच्या भरवशावर मुंबईहून गावी परतलेला तरुण कर्ज काढतो, जाळी मारतो, पिल्ले आणतो, आणि दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत शेड रिकामी होते. मग लोक म्हणतात, कोकणी माणसाला धंदा जमत नाही. हा आरोप मला मान्य नाही. त्याने कष्ट केलेले असतात. त्याला दिलेला हिशेबच खोटा असतो.

माझे म्हणणे असे आहे. मोकळ्या कोंबडीचा नफा तिच्या लहान संख्येत आहे. एका परड्यात मर्यादेपलीकडे कोंबड्या झाल्या की त्या मोकळ्या राहतात, पण फुकट चरत नाहीत. मग त्यांना पिंजऱ्यातल्या कोंबडीशी विकतच्या खाद्यावर सामना करावा लागतो आणि त्यात त्या हरतात. म्हणून एका घरातली संख्या फुगवण्यापेक्षा लहान खुराडे असलेली घरे वाढवावीत, आणि मोठी करायची ती त्या घरांना जोडणारी लस, पिल्ले आणि विक्री यांची सोय. हे आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

१. पिंजऱ्यातले अंडे स्वस्त का?

मोकळ्या अंड्याची किंमत समजायची तर आधी त्याचा प्रतिस्पर्धी पाहावा लागतो. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ मध्ये त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. तेव्हापासून अंडे हा परसातला जिन्नस राहिला नाही, तो कारखान्याचा माल झाला. आजची संकरित लेयर कोंबडी ७२ आठवड्यांच्या वयापर्यंत ३२०च्या आसपास अंडी देते. ती दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला ४० किलो. भागाकार केला तर एका अंड्यामागे १२५ ग्रॅम खाद्य लागते. लेयर धंद्यात एकूण खर्चाचा दोन तृतीयांशाहून मोठा वाटा खाद्याचा असतो, त्यामुळे सगळा धंदा या एका आकड्यावर तोलला जातो.

हा आकडा मिळवण्यासाठी कोंबडीला हालचाल करू द्यायची नसते, कारण चालण्यात ऊर्जा जाते आणि ऊर्जा म्हणजे खाद्य. रूढ पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला सुमारे ४५० चौरस सेंटिमीटर जागा येते. झेरॉक्सचा ए-फोर कागद त्याहून मोठा, ६२४ चौरस सेंटिमीटरचा असतो. २०१७ मध्ये विधी आयोगाने आपल्या २६९व्या अहवालात या स्थितीची दखल घेऊन नियमांची शिफारस केली. युरोपीय संघाने तर असे उघडेबोडके पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. म्हणजे स्वस्त अंड्याच्या किमतीतला एक हिस्सा कोंबडी आपल्या अंगावर सोसते आणि तो बिलात दिसत नाही. पण दुकानात ग्राहक बिलच पाहतो. मोकळ्या अंड्याला टिकायचे असेल तर त्याला आपला खर्च दुसरीकडून कमी करावा लागेल. तो कमी होतो परड्यात.

२. परडे किती कोंबड्या पोसते?

मालवणपट्ट्यातल्या घरामागच्या परड्यात कोंबडी काय खाते ते जवळून पाहावे. सकाळी खुराडे उघडले की ती आधी उकिरड्याकडे धावते. मग माडाच्या आळ्यात, काजूच्या पाल्याखाली उकरते आणि गांडुळे, वाळवी, किडे, कोवळे गवत टिपते. मागीलदारी तांदळाची कणी, कोंडा, उरलेला भात, माशांची खवले-डोकी मिळतात. पहिल्या पावसात उडणाऱ्या वाळवीच्या पाखरांवर तर ती तुटून पडते. अंड्याच्या कवचाला लागणारे कॅल्शियमही या किनाऱ्यावर विकत आणावे लागत नाही. तिसऱ्या आणि कालवे खाऊन उरलेले शिंपले उन्हात वाळवून पाट्यावर जाडसर ठेचले की काम भागते. माशांचे मात्र प्रमाण हवे. अतिरेक झाला की अंड्याला वास येतो.

या सगळ्याला आपण फुकट म्हणतो, पण ते अमर्याद नाही. परड्यात रोज ठरावीक किडे, ठरावीक उष्टे, ठरावीक गवत तयार होते. पाच कोंबड्यांना ते पुरून उरते. दहाव्या कोंबडीला थोडे दाणे टाकावे लागतात. तिसावी आली की ती नवे काही शोधत नाही, आधीच्या एकोणतीस जणींच्या तोंडचे खाते. मग परड्यात हिरवे पाते उरत नाही, अंगण टक्कल पडल्यासारखे दिसते, कोंबड्या शेजारच्या भाजीच्या वाफ्यात शिरतात आणि गडग्यावरून भांडण सुरू होते. नेमकी मर्यादा घरागणिक वेगळी असते, पण ती प्रत्येक घराला असतेच.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. परड्याची ही ताकद शेतीवर अवलंबून आहे. भात झोडल्यावर खळ्यात सांडलेला दाणा, घरचा कोंडा, वायंगणी शेताच्या बांधावरचे किडे हे सारे भातशेतीचे उरलेसुरले. शेत पडीक राहिले आणि तांदूळ दुकानातून पिशवीत आला की कोंबडीचे निम्मे ताट गेले. वाडीतली खुराडी रिकामी का झाली याचे उत्तर लोक आळसात शोधतात. मला ते पडीक मळ्यात सापडते.

३. शंभर कोंबड्यांचा हिशेब

आता मर्यादा ओलांडून पाहू. पुढचे भाव मी हिशेबासाठी धरले आहेत. वाचकाने आपल्या बाजाराचे भाव घालून गणित पुन्हा करावे. समजा, कोणी सुधारित जातीच्या १०० माद्या जाळीच्या आवारात मोकळ्या ठेवल्या. मोकळ्यावर एका मादीची वर्षाला १६० अंडी धरू. तिला वर्षाला ४० किलो खाद्य लागते आणि एवढ्या गर्दीत आवारातून ४ किलोइतके सुटले तरी नशीब. उरलेले ३६ किलो विकत, ३५ रुपये भावाने १,२६० रुपयांचे. म्हणजे एका अंड्यामागे नुसते खाद्यच जवळजवळ ८ रुपयांचे झाले. त्याच भावाच्या खाद्यात पिंजऱ्यातले अंडे साडेचार रुपयांच्या आत पडते.

वर्षाची १६,००० अंडी प्रत्येकी १२ रुपयांना गेली तर १,९२,००० रुपये येतील. त्यातून खाद्याचे १,२६,००० वजा केले की ६६,००० उरतात. या ६६,००० मधून तलंगांची, म्हणजे तरुण माद्यांची, किंमत, लस, जाळी, कर्जाचे व्याज, फुटलेली अंडी, मेलेल्या कोंबड्या आणि वर्षभर एका माणसाची राबणूक भागवायची. मजुरी सोडून बाकी खर्च शून्य धरला तरी दिवसाला १८० रुपये पडतात.

शिवाय ही अंडी रोज ४४ या गतीने येतात आणि रोज १२ रुपयांनाच खपायला हवीत. मे महिन्यात चाकरमानी आणि पर्यटक असतात तेव्हा ती खपतील. श्रावणात काय? गणपतीत काय? नवरात्रात काय? मागणी पडते, पण कोंबडी अंडी देणे थांबवत नाही. सरासरी भाव ८ रुपयांवर आला की अंड्यांचे सगळे मिळून १,२८,००० रुपये होतात, म्हणजे जवळपास खाद्याच्या बिलाएवढेच. तरुणाची शेड रिकामी होते ती इथे. त्याने पिंजऱ्याचा खर्च स्वीकारला आणि परड्याचे उत्पादन घेतले. दोन्हींतले वाईट ते त्याच्या पदरी पडले.

४. अंडे विकायचे की बसवायचे?

लोक गावठी कोंबडीला अंड्यांच्या संख्येने मोजतात आणि ती नापास होते, कारण ती वर्षाला ५०-६० अंडीच देते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते. अंडी बसवली तर २१ दिवस ती टोपलीतून हलत नाही, आणि पुढचे सहा-आठ आठवडे पिल्ले घेऊन फिरते. कारखान्याच्या दृष्टीने हा वाया गेलेला काळ आहे. घरच्या बाईच्या दृष्टीने मात्र कोंबडी त्या काळात विजेविना चालणारे उबवणी यंत्र असते आणि पिल्लांची राखणदारही.

हिशेब असा. १२ अंडी विकली तर १२ रुपयांप्रमाणे १४४ रुपये आले. तीच बसवली आणि १० पिल्ले निघाली. त्यातली ३ सहा महिन्यांची झाली. गावठी कोंबडा किंवा तलंग ५०० रुपयांना जाते असे धरू, आणि प्रत्येकाने १५० रुपयांचे दाणे खाल्ले असे धरू. तरी १,०५० रुपये हाती राहतात. विक्रीसाठी बाजार शोधावा लागत नाही. वडे-सागोतीला गावठीच लागते, राखणीच्या मानाला कोंबडा लागतो, आणि पाहुणा आला की शेजारीच दारी येतो. अंड्याप्रमाणे कोंबडा नासत नाही. भाव नसला तर आठ दिवस थांबता येते.

म्हणून परड्याच्या अर्थशास्त्रात अंडे हे बी आहे. काही बी खायचे, काही विकायचे, काही पेरायचे. योजना आखणारे नुसती अंडी मोजतात तेव्हा या धंद्यातला सर्वांत किमती माल त्यांच्या मोजणीतून निसटतो. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जातींनी अंडी आणि वजन वाढवले हे खरेच. पण अंड्यांसाठी निवडलेल्या जातीची खुडूक बसण्याची सवय कमी होते, आणि वजनदार पक्षी घारीपुढे तितका चपळ राहत नाही. अशा जाती घ्याव्यात, पण गावठीच्या जोडीला. गावठी मोडून घेऊ नयेत.

५. नफा अडकला आहे मरतुकीत

वरच्या हिशेबातला एकच आकडा बदलू. १० पिल्लांपैकी ३ ऐवजी ७ जगली तर १,०५० चे २,४५० रुपये होतात. एका खेपेला १,४०० रुपयांचा फरक, तोही जात न बदलता, शेड न बांधता. पाच कोंबड्यांच्या घरात प्रत्येकीने वर्षातून एकदाच, आणि आळीपाळीने, पिल्ले काढली तर परड्यावर भार येत नाही. वर्षाला या पाच खेपांचे १२,२५० रुपये आणि उरलेल्या साधारण २०० अंड्यांचे २,४०० रुपये. पाच कोंबड्यांना संध्याकाळी टाकलेल्या मूठभर कणीचे हजारभर वजा केले तरी साडेतेरा हजारांच्या आसपास उरतात, आणि त्यासाठी कर्ज काढावे लागत नाही.

पिल्ले मरतात कशाने? घार, मुंगूस, कोल्हा, भटकी कुत्री. पावसात भिजून. ओल्या जमिनीत वाढणाऱ्या रक्ती हगवणीने. यांवर उपाय घरचे आहेत: पहिला महिनाभर पिल्लांवर बांबूचा झाप, जमिनीपासून उचललेले कोरडे खुराडे, रात्री घट्ट बंद होणारे दार. पण एक शत्रू घरच्या उपायांना जुमानत नाही, तो म्हणजे मानमोडी, पशुवैद्यकाच्या भाषेत राणीखेत. लस न दिलेल्या वाडीत तो शिरला की आठवड्याभरात खुराडी ओस पडतात.

त्यावर लस आहे, स्वस्तही आहे. मग ती परड्यात का पोचत नाही? कारण कुपी १०० किंवा त्याहून जास्त मात्रांची येते. ती थंडीत ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. पाच कोंबड्यांसाठी कोणी कुपी फोडत नाही, आणि पाच कोंबड्यांसाठी डॉक्टरला बोलवायचे तर फी कोंबडीपेक्षा महाग पडते. शेडवाल्याला ही अडचण नसते. परड्याच्या अर्थशास्त्रात मोठ्या आकाराचा खरा फायदा आहे तो इथे, लसीच्या कुपीत. २५ घरांच्या वाडीत घरटी आठ धरल्या तर २०० कोंबड्या होतात. एका ठरलेल्या दिवशी, खुराडी उघडण्याआधी पहाटे वाडीभर फिरले की एका सकाळचे काम.

६. मग मोठे काय करायचे?

लहान घटक आणि मोठी सेवा हा प्रयोग नवा नाही. मध्य प्रदेशात केसला इथे ‘प्रदान’ संस्थेच्या मदतीने आदिवासी स्त्रियांनी घराशेजारच्या छोट्या शेडमध्ये ब्रॉयलर वाढवले. पिल्ले, खाद्य, औषध आणि विक्री मात्र त्यांच्या सहकारी संस्थेने एकत्र सांभाळली. पक्षी वेगळा असला तरी रचनेचा धडा आपल्याला लागू पडतो. बांगलादेशात ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८०च्या दशकात गावातल्याच बायकांना कोंबड्यांना लस द्यायला शिकवले; त्या घरोघर फिरून मात्रेमागे थोडे पैसे घेत आणि त्यातच त्यांचा रोजगार उभा राहिला. आपल्या जिल्ह्यातही उदाहरण आहे. झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानाने घराघरात बायोगॅस पोचवला. संयंत्र प्रत्येकाच्या अंगणातले, पण त्यामागचे तंत्र आणि पाठपुरावा एकत्र. कोंबडीला हीच रचना हवी.

यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, दर वाडीत लस देणारी एक प्रशिक्षित बाई आणि लस ठेवायला विश्वासाचा फ्रीज. ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत, जागा शोधत बसायला नको. दुसरी, तलंगांचा पुरवठा. राज्याच्या योजनेत एकदिवसीय १०० पिल्ले देण्याचा एक प्रकार आहे आणि आठ-दहा आठवड्यांच्या २५ माद्या व ३ नर देण्याचा दुसरा. एकदिवसीय पिल्लाला ऊब देण्याची सोय परड्यात नसते, म्हणून दुसरा प्रकार उजवा. पण २५ हा आकडाही एका परड्याला जड आहे. तो पाच घरांत वाटू द्यावा. राष्ट्रीय पशुधन अभियान १,००० मातृपक्ष्यांच्या केंद्राला आणि उबवणीला ५० टक्के भांडवली अनुदान देते. जिद्दी तरुणाने कर्ज काढायचेच असेल तर अंड्यांच्या शेडसाठी न काढता अशा केंद्रासाठी काढावे. शंभर घरे त्याचे गिऱ्हाईक होतील, स्पर्धक होणार नाहीत.

तिसरी गोष्ट विश्वासाची. तपकिरी कवच म्हणजे गावठी हा समज चुकीचा आहे. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्या पिंजऱ्यातही असतात. युरोपात प्रत्येक अंड्यावर आकडा छापतात: शून्य म्हणजे सेंद्रिय, १ म्हणजे मोकळ्या चाऱ्यावरचे, २ म्हणजे शेडमधले, ३ म्हणजे पिंजऱ्यातले. आपल्या बाजारात गावठी अंड्याची हमी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. तारकर्ली-मालवणच्या घरगुती निवासात आलेला पाहुणा या शब्दाला जास्त पैसे मोजायला तयार असतो, कारण कोंबडी त्याच्या डोळ्यांसमोर अंगणात फिरत असते. गटाने अंडी गोळा करावीत, टॉर्चच्या उजेडात तपासावीत, पेन्सिलीने तारीख घालावी आणि वाडीचे नाव लिहावे. एक नासके अंडे गेले की वाडीचे नाव जाते, ही जबाबदारी छापील शिक्क्याहून कडक ठरेल.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप: साडेतेरा हजारांत संसार चालतो का? चालत नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. माडाने संसार चालत नाही, काजूने चालत नाही, म्हशीनेही चालत नाही. कोकणातले घर या सगळ्यांवर मिळून उभे असते. कोंबडीचा पैसा बाईच्या हातात येतो, नडीच्या वेळी येतो आणि त्यासाठी कोणापुढे हात पसरावा लागत नाही. शाळेच्या फीच्या आदल्या दिवशी विकलेला कोंबडा वार्षिक उत्पन्नाच्या तक्त्यात लहान दिसतो, पण त्या दिवशी तो लहान नसतो.

दुसरा: देशाला स्वस्त अंडे हवे, गावठी ही पैसेवाल्यांची चैन. २०२३-२४ मध्ये देशात माणशी वर्षाला १०३ अंडी उपलब्ध होती; पोषणतज्ज्ञांची शिफारस १८० ची आहे. शहरातल्या गरिबाची ही भूक परडे भागवणार नाही, हे मान्य. पण गावातल्या पोराच्या ताटात परड्यातले अंडे दुकानाच्या वाटेने न जाता पडते. शिवाय परड्यातली कोंबडी माणसाचे धान्य फारसे खात नाही. किडा आणि उष्टे यांचे ती प्रथिन करते. गावठी अंडे औषधी असते असले दावे मी करणार नाही. त्याची किंमत चवीची, ताजेपणाची आणि मोकळ्या जिण्याची आहे, आणि तेवढी पुरेशी आहे.

तिसरा: मोकळ्या कोंबड्या रोग पसरवतात. हा आक्षेप गंभीर आहे. रानपाखरांशी त्यांचा संबंध येतो हे खरे. पण फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू नवापुरात सापडला तेव्हा लाखो पक्षी मारावे लागले, कारण ते एकाच ठिकाणी दाटीने होते. विखुरलेली खुराडी रोग अडवत नाहीत, पण एका घरावर सगळा डोंगर कोसळू देत नाहीत. आणि ज्या वाडीत लस देणारी बाई महिन्याला फिरते, तिथे अचानक मेलेल्या पहिल्या कोंबडीची खबर लगेच दवाखान्यात पोचते.

चौथा: परदेशात हजारोंच्या कळपाने मोकळी शेती चालते, मग इथे का नाही? युरोपात नियमाने दर कोंबडीमागे ४ चौरस मीटर मोकळे रान द्यावे लागते. १,००० कोंबड्यांना ४,००० चौरस मीटर, म्हणजे एक एकर. आमच्याकडे सातबाऱ्यावर पंधरा नावे, चढउताराची जांभ्याची जमीन आणि चार महिने कोसळणारा पाऊस. तिथे चढा भाव मिळतो तो कायद्याने पाळलेल्या शिक्क्यामुळे. शिक्का नाही आणि जमीन नाही, तर नुसता कळप उचलून आणण्यात अर्थ नाही.

मोजमाप बदलू या

२०१९च्या विसाव्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१.७ कोटी भरले. आधीच्या गणनेपेक्षा सुमारे ४६ टक्के जास्त. त्याच काळात व्यावसायिक पक्षी साडेचार टक्क्यांनीच वाढले. परडे संपले असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. ते संपलेले नाही, त्याला चुकीच्या मापाने मोजले जाते.

योजनेचे यश आज किती पिल्ले वाटली यावर ठरते. ते ठरवावे वर्षभराने, दिवेलागणीला. कोंबड्या एकेक करून खुराड्यात शिरतात तेव्हा दाराशी उभी असलेली बाई बोटांवर मोजत असते. सकाळी सोडल्या तेवढ्या आल्या का, एवढेच ती पाहते. कृषी आणि पशुसंवर्धनाच्या कागदांत हा आकडा कुठेच नसतो, आणि सिंधुदुर्गातल्या मोकळ्या कोंबडीचा नफा-तोटा त्यावरच ठरतो. तो आकडा वाडीवाडीतून गोळा करा. मग लस कुठे पोचली नाही, कुठल्या खुराड्याचे दार मोडके आहे, कुठले परडे भरले आणि कुठल्या घराला पाच कोंबड्या द्यायला हव्यात, हे कोणी वेगळे सांगायला लागणार नाही.